कर्ज डोईजड झाले तर: सल्ला कोणाकडे घ्यावा, कोणत्या क्रमाने घ्यावा आणि नादारीचा अर्ज केव्हा करावा

कर्जाने घायकुतीला आलेला माणूस सल्ल्यासाठी येतो, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: ‘दिवाळखोरी जाहीर केली तर यातून सुटेन का?’ या प्रश्नाला उत्तर आहे, पण ते देण्याआधी मला उलट विचारावे लागते की आपण नेमके कोणाकोणाचे देणे लागता. बँक, वित्त कंपनी, पतसंस्था, बचत गटाला कर्ज देणारी सूक्ष्म वित्त संस्था, मोबाइलवरचे ॲप, गावातला सावकार आणि मेहुण्याकडून घेतलेले हातउसने पैसे ही सगळी बोलीभाषेत ‘कर्जे’च असली, तरी प्रत्येकाचा कायदा वेगळा, वसुलीची पद्धत वेगळी आणि तक्रार ऐकणारे कार्यालयही वेगळे आहे. धनको, म्हणजे पैसे देणारा, कोण हे न पाहता घेतलेला सल्ला वाया जातो, आणि कधी कधी त्या सल्ल्यापायी नोटिशीची मुदत हुकते. म्हणून आधी कागद, मग सल्लागार आणि सर्वांत शेवटी नादारी, म्हणजे कायद्याच्या भाषेतली दिवाळखोरी, असा क्रम येथे धरला आहे.

पहिली पायरी: कागदांची पिशवी रिकामी करणे

एक गृहस्थ किराणा दुकानाच्या पिशवीत कागद भरून आले होते. पिशवी टेबलावर उलटी केली तेव्हा त्यातून सात पाकिटे निघाली, आणि त्यांतली तीन त्यांनी उघडलीच नव्हती. ‘उघडून तरी काय करणार, पैसे कुठे आहेत,’ असे त्यांचे म्हणणे होते. न उघडलेल्या एका पाकिटात घरावरच्या कर्जाची साठ दिवसांची नोटीस होती आणि त्या दिवशी बावन्नावा दिवस होता. हातात आठ दिवस असणे आणि काहीच नसणे यांत फार मोठे अंतर आहे. तेव्हा पहिले काम म्हणजे प्रत्येक पाकीट उघडावे, ते कोणत्या तारखेला हातात पडले हे पाकिटावरच पेनाने लिहावे आणि पाकीट फेकू नये, कारण टपालाचा शिक्का पुढे पुरावा ठरतो.

त्यानंतर एका वहीत प्रत्येक कर्जासाठी एक पान करावे. त्या पानावर धनकोचे पूर्ण नाव, कर्ज घेतल्याची तारीख, मूळ रक्कम, व्याजाचा दर, आजची बाकी, शेवटचा हप्ता कधी भरला, तारण काय ठेवले, जामीनदार कोण, आणि कोरे धनादेश दिले असल्यास किती व कोणत्या क्रमांकांचे, एवढे लिहावे. आजची बाकी तोंडी विचारू नये. शाखेकडे लेखी अर्ज करून खातेउतारा मागावा व अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. हातउसने पैसे, भिशीचे राहिलेले हप्ते आणि दुकानदाराची उधारीही याच वहीत यायला हवी. ज्या देण्याची लाज वाटते तेच वहीत येत नाही, असा माझा अनुभव आहे, आणि नेमके तेच देणे पुढे सगळी मांडणी बिघडवते.

स्वतःची पत-माहिती पाहणे हा या पायरीचाच भाग आहे. ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पिरियन आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी प्रत्येक व्यक्तीला वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. अहवालात कधी न घेतलेले कर्ज दिसते, कधी आपण विसरून गेलेले जामीनपत्र वर येते. चूक आढळली तर लेखी तक्रार करावी; ती तीस दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई देण्याचा नियम आहे.

दुसरी पायरी: महिन्याचा खरा हिशेब

वहीच्या दुसऱ्या बाजूला घरखर्च लिहावा. येथे एकच उदाहरण तपशिलाने पाहू, कारण बहुतेकांची फसगत याच ठिकाणी होते. समजा क्रेडिट कार्डावर ८०,००० रुपये थकले आहेत आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के आहे. एका महिन्याचे व्याज २,८०० रुपये झाले. त्यावर अठरा टक्के वस्तू व सेवा कर ५०४ रुपये, म्हणजे एकूण ३,३०४ रुपये. बिलावर ‘किमान देय रक्कम’ पाच टक्क्यांनी ४,००० रुपये छापलेली असते. माणूस ते चार हजार भरून निर्धास्त होतो, पण मूळ देण्यातून त्या महिन्यात फक्त ६९६ रुपये कमी झालेले असतात. मधल्या काळात त्याच कार्डावर एक गॅस सिलिंडर जरी घेतला, तरी देणे पुन्हा होते तिथेच येते. साडेतीन टक्के हा आकडा लहान दिसतो; वर्षाचा हिशेब केला तर तो बेचाळीस टक्के होतो.

म्हणून प्रत्येक पानावर वार्षिक दर लिहावा आणि मगच कोणते देणे आधी फेडायचे ते ठरवावे. धान्य, घरभाडे, वीज, औषधे आणि मुलांची फी हे खर्च कोणत्याही हप्त्याच्या आधी येतात, आणि याबद्दल मनात अपराधी भाव असू नये. त्यानंतर ज्या कर्जापायी राहते घर किंवा पोट भरणारे वाहन जाऊ शकते त्याचा क्रमांक लागतो. मग ज्या देण्यासाठी धनादेश लिहून दिला आहे ते, कारण धनादेश न वटल्यास परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली फौजदारी खटला होऊ शकतो आणि त्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा धनादेशाच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड होऊ शकतो. बँक खात्यातून आपोआप वळता होणारा हप्ता परत गेला, तरी २००७ च्या एका वेगळ्या कायद्याखाली तशीच कारवाई होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. तारण नसलेली व्यक्तिगत कर्जे आणि कार्ड यांचा क्रमांक यानंतरचा, जरी सर्वांत जास्त फोन त्यांचेच येत असले तरी. फोन कोणाचे जास्त येतात यावरून हप्त्यांचा क्रम ठरवणे ही नवख्या माणसाची नेहमीची चूक आहे.

जुने कर्ज फेडण्यासाठी नवे कर्ज घेण्याचा मोह या टप्प्यावर फार होतो. नव्या कर्जाचा वार्षिक दर जुन्यापेक्षा निश्चितपणे कमी असेल आणि जुने खाते त्याच दिवशी बंद होत असेल, तरच तसे करावे. कपाटात सोने असेल तर ते गहाण ठेवावे की विकावे, हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. कुटुंबाची समजूत निघत असेल तर विकणे बरे, असे माझे मत आहे, कारण गहाण ठेवलेले सोने व्याज खात राहते आणि शेवटी लिलावात पडत्या भावाने जाते. अर्थात पाटल्या कोणाच्या आणि निर्णय कोणाचा, हे घरातल्या बाईला विचारल्याशिवाय ठरवू नये.

तिसरी पायरी: योग्य दारात जाणे

हप्ता चुकण्यापूर्वी, निदान चुकल्याच्या पहिल्या महिन्यात, थेट शाखाधिकाऱ्याकडे जावे. खाते नव्वद दिवस थकले की ते अनुत्पादक ठरते, बँकेच्या भाषेत ‘एनपीए’ होते, आणि त्यानंतर शाखाधिकाऱ्याचे हात बरेच बांधले जातात. त्याआधी हप्ता कमी करून मुदत वाढवणे किंवा काही महिन्यांची सवलत मागणे शक्य असते. अर्जात नोकरी गेली, आजारपण आले, दुकान बंद पडले, जे खरे कारण असेल ते लिहावे, त्याचा पुरावा जोडावा, आणि ‘सहकार्य करावे’ असे मोघम न लिहिता ‘दरमहा इतके रुपये, अमुक महिन्यापासून’ असा आकडा द्यावा.

आकडा ठरवायला मदत हवी असेल, तर जिल्ह्याच्या अग्रणी बँकेमार्फत चालणाऱ्या वित्तीय साक्षरता केंद्रात विचारावे. तेथे शुल्क पडत नाही. कायद्याचा सल्ला हवा असेल, तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे आणि तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समितीचे कार्यालय असते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. १५१०० हा त्यांचा दूरध्वनी क्रमांक आहे. ‘फुकटचा वकील काय कामाचा’ हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे. त्यावर एवढेच सांगतो की नोटिशीचे उत्तर मुदतीत देणारा फुकटचा वकील मुदतीनंतर भेटणाऱ्या महागड्या वकिलापेक्षा चांगला.

‘तुमचे कर्ज निम्म्यात मिटवून देतो’ अशी जाहिरात करणाऱ्या कंपन्यांपासून मात्र सावध राहावे. त्या आधी आपली फी घेतात, बँकेचे हप्ते थांबवायला सांगतात आणि बँकेने तडजोड नाकारली की फोन उचलत नाहीत. तडजोडीची बोलणी कर्जदार स्वतः करू शकतो. त्यासाठी मध्यस्थ लागत नाही.

बँक किंवा वित्त कंपनी चुकीचे वागत असेल, तर आधी तिच्याकडेच लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाही. तिची तक्रार सहकार खात्याकडे, म्हणजे तालुक्याच्या सहाय्यक निबंधकाकडे किंवा जिल्हा उपनिबंधकाकडे करायची असते. या एका गोंधळापायी लोक महिनोन्‌महिने भलत्याच दारावर थाप मारत बसतात.

सावकाराचे प्रकरणही सहकार खात्याकडेच जाते. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन कायदा लागू आहे. परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा असून त्याला पाच वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. परवानाधारक सावकाराने किती व्याज घ्यावे हेही सरकारने ठरवून दिले आहे: शेतकऱ्याला तारणी कर्जावर वर्षाला नऊ टक्के व विनातारणी कर्जावर बारा टक्के, तर इतरांना अनुक्रमे पंधरा आणि अठरा टक्के. व्याजाची एकूण रक्कम मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही, हा दामदुपटीचा जुना नियम याही कायद्यात आहे. (हा प्रश्न आपल्याकडे किती जुना आहे पाहा: १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्त आणि वह्या जाळल्या आणि त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला.) ‘महिन्याला दहा टक्के’ सांगणारा माणूस कायद्याच्या दृष्टीने कुठे उभा आहे, हे यावरून लक्षात येईल. कर्जापोटी जमीन लिहून घेतली असेल, तर जिल्हा निबंधकाकडे चौकशीचा अर्ज करता येतो आणि अवैध सावकारी सिद्ध झाल्यास जमीन परत मिळण्याची तरतूद आहे. यासाठी सावकाराला पैसे देताना ठेवलेली प्रत्येक नोंद, अगदी मोबाइलवरून पाठवलेल्या शंभर रुपयांचीसुद्धा, जपून ठेवावी.

ॲपवरच्या कर्जाच्या बाबतीत आधी हे पाहावे की मागे रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली संस्था आहे की नाही. नोंदलेली संस्था मोबाइलमधली नातेवाइकांची यादी आणि छायाचित्रे उचलू शकत नाही, आणि कर्जाची रक्कम तिने थेट कर्जदाराच्याच खात्यात जमा करायची असते. छायाचित्रात फेरफार करून धमकावणाऱ्यांशी हप्त्याची बोलणी करू नयेत. लगेच १९३० या सायबर गुन्ह्यांच्या क्रमांकावर आणि पोलीस ठाण्यात तक्रार करावी आणि धमकीचे संदेश पुसू नयेत.

चौथी पायरी: नोटीस ओळखणे

सगळ्याच नोटिसा सारख्या घाबरवणाऱ्या दिसतात, पण त्यांचे वजन सारखे नसते. वकिलाच्या नावाने मोबाइलवर आलेला संदेश, ज्यात ‘चोवीस तासांत अटक’ असे लाल अक्षरांत लिहिलेले असते, तो बहुतेक वेळा केवळ दडपणासाठी असतो. कर्ज फेडता आले नाही एवढ्यावरून पोलीस अटक करत नाहीत. दिवाणी हुकूमनाम्याच्या, म्हणजे पैसे देण्याच्या न्यायालयीन आदेशाच्या, वसुलीसाठी दिवाणी कैद होऊ शकते, परंतु ऐपत असूनही जाणूनबुजून पैसे न देणाऱ्यासाठी ती तरतूद आहे. प्रामाणिक गरिबीसाठी नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० सालीच स्पष्ट केले आहे. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला तर अटक करताच येत नाही.

खरे वजन असलेल्या नोटिसा तीन. पहिली म्हणजे तारणी कर्जासाठी २००२ च्या सरफेसी कायद्याच्या कलम १३(२) ची साठ दिवसांची नोटीस. ती आली की साठ दिवसांच्या आत बँकेला लेखी हरकत पाठवावी. बँकेला पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर द्यावे लागते. साठ दिवसांनंतर बँक ताबा घेण्याची कारवाई करू शकते आणि तशी कारवाई झाल्यापासून पंचेचाळीस दिवसांत ऋण वसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. महाराष्ट्रात ही न्यायाधिकरणे मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. सगळी थकबाकी भरून मालमत्ता सोडवण्याचा हक्क लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होईपर्यंतच राहतो, म्हणून ‘लिलावाच्या दिवशी बघू’ असे म्हणणे घातक आहे. शेतजमिनीला हा कायदा लागू होत नाही, तसेच एक लाखापर्यंतच्या कर्जालाही. सहकारी बँकांना मात्र तो लागू आहे. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याबाबतचा वाद मिटवला.

दुसरी नोटीस पतसंस्थेच्या कर्जाची. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली संस्था निबंधकाकडे वसुली दाखला मागते आणि त्याच्या सुनावणीची नोटीस कर्जदाराला व जामीनदारांना येते. गावाकडे याला ‘एकशे एकचा दाखला’ म्हणतात. बहुतेक लोक त्या सुनावणीला जात नाहीत, आणि हिशेबातली चूक दाखवण्याची, जादा लावलेले व्याज काढून घेण्याची हीच एक स्वस्त संधी असते. दाखला एकदा निघाला, की त्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज दोन महिन्यांत आणि तोही वसुलीपात्र रकमेच्या निम्मे पैसे भरूनच करता येतो. दाखल्यानंतर वसुली अधिकारी जप्ती आणि लिलाव करू शकतो. तिसरी नोटीस म्हणजे धनादेश न वटल्याची; ती मिळाल्यापासून पैसे भरायला पंधरा दिवस असतात.

जामीनदारांबद्दल येथेच सांगायला हवे. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराकडे जा आणि मग माझ्याकडे या, असे त्याला म्हणता येत नाही. पगारदारांच्या पतसंस्थेत तर पगारातून कपात करण्याची संमती आधीच घेतलेली असते. म्हणून हप्ता चुकणार हे दिसताच ज्या सहकाऱ्याने सही केली आहे त्याला स्वतः जाऊन सांगावे. त्याचा पगार कापला गेल्यावर त्याला कळणे यापेक्षा ते शंभर पटींनी बरे. याउलट पती किंवा पत्नी, मुले आणि भाऊ यांनी सही केलेली नसेल, तर केवळ नाते आहे म्हणून त्यांच्यावर देणे येत नाही. कर्जदाराच्या मृत्यूनंतर वारसांची जबाबदारीही त्यांना वारशाने मिळालेल्या मालमत्तेपुरतीच राहते.

दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा झाला तरी सर्वस्व जात नाही. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची औजारे आणि धार्मिक रीतीनुसार स्त्रीने अंगावरून उतरवू नयेत असे दागिने जप्त करता येत नाहीत. मंगळसूत्र यात आलेच. भविष्य निर्वाह निधीही सुरक्षित असतो. पगाराचा पहिला एक हजार आणि उरलेल्या रकमेचे दोन तृतीयांश सोडावे लागतात. म्हणजे एकतीस हजार पगार असेल, तर जास्तीत जास्त दहा हजारांची जप्ती होईल, आणि एकाच हुकूमनाम्यासाठी ती एकूण चोवीस महिन्यांपलीकडे चालत नाही.

वसुलीला येणाऱ्या माणसांविषयी थोडक्यात. बँका व वित्त कंपन्यांच्या वसुली प्रतिनिधींनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नये. सूक्ष्म वित्त कर्जासाठी ही वेळ सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा अशी आहे. शिवीगाळ, शेजाऱ्यांसमोर अपमान, नातेवाइकांना फोन हे सगळे निषिद्ध आहे. प्रतिनिधी आला तर त्याचे ओळखपत्र व बँकेचे अधिकारपत्र मागावे आणि पावतीशिवाय एक रुपयाही रोख देऊ नये. बचत गटातल्या बायकांना रात्री दहापर्यंत एका घरात बसवून ठेवून हप्ता वसूल करण्याचे प्रकार घडतात. तिथे नियमावली वाचून दाखवण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून पोलीस ठाणे गाठणे अधिक उपयोगी ठरते. आणि या छळाने कोणाच्या मनात जीव देण्याचा विचार डोकावू लागला असेल, तर कागद बाजूला ठेवून आधी टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे. तो दिवसरात्र चालू असतो.

पाचवी पायरी: तडजोड

एकरकमी परतफेड, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेली ‘ओटीएस’, हा कर्जदाराचा हक्क नाही. बँकेने ती दिलीच पाहिजे असा आग्रह न्यायालयात टिकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली सांगितले आहे. म्हणून ती मागताना हिशेब हातात हवा. किती रक्कम, किती दिवसांत आणि कुठून आणणार, हे अर्जात लिहावे. बँकेचे मान्यतापत्र लेखी हातात आल्याशिवाय पैसे भरू नयेत आणि भरताना ते केवळ कर्जखात्यातच भरावेत. पैसे भरल्यावर निरंक दाखला, म्हणजे काहीही देणे बाकी नसल्याचे पत्र, घ्यावा, सातबाऱ्यावरचा किंवा वाहनाच्या नोंदणीवरचा बोजा उतरवून घ्यावा आणि कोरे धनादेश मोजून परत घ्यावेत. कर्ज पूर्ण फिटल्यावर मालमत्तेचे मूळ कागद तीस दिवसांत परत करणे बँकांवर बंधनकारक असून उशीर झाल्यास दिवसाला पाच हजार रुपये भरपाई आहे. पत-अहवालात मात्र अशा खात्यापुढे ‘सेटल्ड’ असा शेरा राहतो आणि पुढचे कर्ज मिळताना तो आडवा येतो, हे आधीच माहीत असावे.

लोकअदालतीत तडजोड केली, तर तेथील निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील नसते. त्यामुळे तेथे मंचासमोर भीड पडून ‘भरतो साहेब’ असे म्हणून न झेपणाऱ्या हप्त्यावर सही करू नये.

सहावी पायरी: नादारी

आता पहिल्या प्रश्नाकडे येतो. सामान्य बोलण्यात ज्याला दिवाळखोरी म्हणतात, त्याला न्यायालयाच्या मराठीत नादारी म्हणतात. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत व्यक्तींसाठी स्वतंत्र भाग आहे, अगदी गरिबांना नव्याने सुरुवात करू देण्याची तरतूदही आहे. पण तो भाग आजवर फक्त कंपन्यांच्या कर्जाला व्यक्तिगत हमी देणाऱ्यांपुरता, १ डिसेंबर २०१९ पासून, अमलात आला आहे. पगारदार, दुकानदार, रिक्षाचालक यांना अजून ब्रिटिशकालीन कायद्यांकडेच जावे लागते: बृहन्मुंबईत १९०९ चा कायदा आणि उच्च न्यायालय, उर्वरित महाराष्ट्रात १९२० चा प्रांतिक नादारी कायदा आणि जिल्हा पातळीवरील न्यायालय.

१९२० च्या कायद्याखाली देणी फेडता येत नाहीत अशा व्यक्तीला स्वतः अर्ज करता येतो. देणी पाचशे रुपये किंवा अधिक असावीत, किंवा हुकूमनाम्यापायी तिला अटक अथवा तिच्या मालमत्तेची जप्ती झालेली असावी. पाचशे हा आकडा वाचून हसू येते, पण शंभर वर्षांपूर्वी तो लहान नव्हता. अर्जासोबत सर्व धनकोंची यादी, प्रत्येकाची रक्कम आणि स्वतःची सर्व मालमत्ता द्यावी लागते. पहिल्या पायरीतली वही येथे उपयोगी पडते. न्यायालयाने नादार ठरवल्यावर मालमत्ता न्यायालयाच्या किंवा रिसीव्हरच्या, म्हणजे मालमत्ता सांभाळायला नेमलेल्या व्यक्तीच्या, ताब्यात जाते, ती विकून धनकोंना वाटप होते, आणि न्यायालयाच्या परवानगीशिवाय धनकोंना त्या देण्यासाठी वेगळी कारवाई करता येत नाही. अटकेपासून संरक्षणाचा आदेशही मागता येतो.

या मार्गाने काय सुटत नाही, हे अर्ज करण्याआधी नीट समजून घ्यावे. तारण घेतलेल्या बँकेचा तारणावरचा हक्क तसाच राहतो, म्हणजे गृहकर्जाचे घर नादारीने वाचत नाही. सरकारी देणी, फसवणुकीतून झालेली देणी आणि पोटगी माफ होत नाहीत. धनादेशाचा फौजदारी खटला या अर्जाने थांबेल असे धरून चालू नये. जामीनदारही मोकळा होत नाही. नादारीतून मुक्त होईपर्यंत स्थानिक स्वराज्य संस्थेची निवडणूक लढवता येत नाही, आणि आपण नादार आहोत हे न सांगता पन्नास रुपयांची उधारी घेणेसुद्धा गुन्हा ठरतो.

अर्जाआधी केलेली ‘हुशारी’ अनेकांना नडते. अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांत पत्नीच्या किंवा मुलाच्या नावाने केलेले बक्षीसपत्र न्यायालय रद्द करू शकते. तीन महिन्यांच्या आत मेहुण्याचे पैसे आधी फेडून इतरांना टांगून ठेवले असेल, तर तो व्यवहारही उलटवता येतो. म्हणून वकिलाकडे जाताना अशा व्यवहारांची कागदपत्रे घरी ठेवून जाऊ नये. ती पहिल्याच भेटीत दाखवावीत.

नादार ठरवताना न्यायालय मुक्तीचा, म्हणजे उरलेल्या देण्यांतून सुटण्याचा, अर्ज करण्यासाठी एक मुदत ठरवून देते. बरेच लोक पहिल्या आदेशानंतर प्रकरण संपले असे समजतात. त्या मुदतीत मुक्तीचा अर्ज केला नाही, तर नादारीचा आदेशच रद्द होतो आणि सगळे धनको पुन्हा दारात उभे राहतात. मुक्तीच्या सुनावणीत मालमत्ता देण्यांच्या मानाने रुपयाला आठ आणेही का उरली नाही, याचे कारण विचारले जाते. आजारपण, पूर, धंद्यातली बुडीत येणी अशी आपल्या हाताबाहेरची कारणे असतील, तर त्यांचे पुरावे, म्हणजे दवाखान्याची बिले, पंचनामा, बुडवणाऱ्या गिऱ्हाइकाशी झालेला पत्रव्यवहार, पहिल्या दिवसापासून वेगळ्या धारिकेत लावून ठेवावेत. मुक्तीचा आदेश झाला की त्याच्या सही-शिक्क्याच्या चार-पाच नकला एकदमच काढाव्यात: एक घरी ठेवण्यासाठी, आणि बाकीच्या प्रत्येक धनकोला व पत-माहिती कंपन्यांना पोच घेऊन पाठवण्यासाठी.